तिथीची पाऊणपट

गुहागरला खोली ठरवण्याआधी मी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढून बघतो. घरात याची सवय झाली आहे. "मुहूर्त निघाला का?" असं बायको स्वयंपाकघरातून विचारते आणि मीही तितक्याच गंभीरपणे सांगतो, की पौर्णिमा शनिवारी आहे, शुक्रवारी दुपारी निघू. हवामान, लेन्स, बॅटऱ्या हे सगळं त्यानंतर.

फोटोग्राफीच्या पुस्तकांत उजेडावर पानंच्या पानं लिहिलेली असतात. ती खोटी नाहीत. पण ती वाचून समुद्रावर गेलेला हौशी माणूस संध्याकाळी साडेपाचला किनाऱ्यावर उभा राहतो आणि पाणी कुठे आहे याचा विचार त्याच्या मनाला शिवलेला नसतो. पाणी सुरूच्या बनापर्यंत आलेलं असतं किंवा पार लांब गेलेलं असतं, आणि त्याला वाटतं हे असंच असायचं. धंदेवाईक फोटोग्राफर आठवडाभर तळ ठोकून बसू शकतो. आपल्याकडे दोन संध्याकाळी असतात, त्यातली एक पाहुण्यांत जाते. ढग येतील का, क्षितिजावर धुरकट पट्टा असेल का, हे आधी सांगता येत नाही. पाणी कुठे असेल हे मात्र वर्षभर आधी सांगता येतं. उजेड नशिबाचा आणि पाणी हिशेबाचं, तर मग हिशेबाची बाजू तरी का सोडायची?

हिशेब कोकणातल्या जुन्या माणसांच्या जिभेवर असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्याचंच हे घरगुती गणित. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत, पण सहलीची तारीख ठरवायला पाऊणकी पुरते.

आता यातून फोटोवाल्याच्या कामाचं काय निघतं ते बघा. भरती आणि ओहोटी यांच्यात सव्वासहा तासांचं अंतर. पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर, तेव्हा पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. म्हणजे ऐन सूर्यास्ताला पाणी सर्वांत दूर, आणि मध्ये ओल्या वाळूचं रुंद पटांगण मोकळं. शिवाय ते उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी हटतंही खूप. अष्टमीला सूर्य बुडताना भरती, आणि तीही भांगाची, अर्धवट. ना धड आत, ना धड बाहेर. सपाट पुळणीवर अष्टमीची संध्याकाळ मी सरळ भज्यांना देऊन टाकतो. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, तेव्हा पौर्णिमेपेक्षा प्रतिपदा बरी पडते.

ओल्या वाळूचा एवढा सोस कशाला, तर आकाश खाली उतरतं म्हणून. लाट मागे फिरली की वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो. त्यात ढगांचा रंग काही क्षणच नीट दिसतो. मग पाणी वाळूत मुरतं आणि तोच पट्टा काळपट, मुका होऊन जातो. कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणला की पापुद्रा जास्त लांबवर चकाकतो, उभ्याने बघितलं तर निम्मा दिसतच नाही. म्हणून समुद्रावर फोटो काढणाऱ्याची पँट गुडघ्यावर ओली असली पाहिजे. कोरड्या पँटने परतलेल्या माणसाचे फोटो मी जरा सावधपणेच बघतो.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं, यावर माझं मत अनेकांना पटत नाही. काळी एनडी काच लावून मिनिटभराचं एक्स्पोजर द्यायचं आणि समुद्राचं धुकं करून टाकायचं, ही फॅशन गेली काही वर्षं जोरात आहे. चित्र शांत, गुळगुळीत येतं. पण मग ते गुहागर आहे की आणखी कुठलं तळं, हे सांगता येत नाही. माझी आवड पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंतची. तीही येणाऱ्या लाटेची नव्हे, परतणाऱ्या. लाट पुढे येताना फेसाचा नुसता पांढरा गोळा होतो. परतताना तोच फेस फाटतो, त्याचे दोरे होतात, मध्ये एखादा खडा किंवा शिंपला असला तर दोरे त्याला वळसा घालून खाली उतरतात. अर्ध्या सेकंदात हे दोरे कागदावर उमटतात, पाच सेकंदांत पुसले जातात. लाटेने मागे वळायचं ठरवलं की बटण दाबायचं. हे घड्याळावर जमत नाही, कानावर जमतं. आदळण्याचा आवाज संपून वाळू ओढल्याचा खळखळाट सुरू होतो तो क्षण.

त्यासाठी ट्रायपॉड पाण्यात रोवावा लागतो, आणि इथे वाळू आपलं खरं रूप दाखवते. प्रत्येक परतणारी लाट पायांखालची थोडी वाळू घेऊन जाते. ट्रायपॉड हळूहळू बसतो, तिरका होतो, आणि छोट्या पडद्यावर ते कळत नाही. घरी मोठं करून पाहिलं की क्षितिज कलंडलेलं आणि कडा हललेल्या. उपाय कष्टाचा आहे पण सोपा. पाय शक्य तितके फाकवायचे, वरून भार देऊन खोल दाबायचे, दोन-तीन लाटा तशाच जाऊ द्यायच्या, पुन्हा दाबायचे, मग क्षितिज बघायचं. सेल्फ टायमर दोन सेकंदांचा. वाऱ्यात मधल्या हुकाला बॅग अडकवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. झुलणारी बॅग ट्रायपॉडलाही झुलवते, मी अडकवत नाही.

गोल्डन अवरबद्दलही एक सांगायला हवं. पुस्तकं बहुतेक युरोप-अमेरिकेत लिहिली जातात. तिकडे, विशेषतः उत्तरेला, सूर्य क्षितिजाला तिरका घासत खाली जातो, तेव्हा मऊ उजेड तासभर टिकतो. गुहागर साडेसतरा अक्षांशावर. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली येतो. शेवटच्या सहा अंशांना पंचवीस-सव्वीस मिनिटं पुरतात, आणि बुडाल्यावर कामापुरता संधिप्रकाश आणखी वीस-बावीस मिनिटं. एवढ्यात जागा शोधायची म्हटली तर काहीच हाती लागत नाही. जागा दुपारी, चपला घालून, कॅमेऱ्याशिवाय शोधावी. आणि सूर्य बुडाला की उठू नये! किनाऱ्यावरची माणसं बिंब पाण्यात गेलं की नाटक संपल्यासारखी कपडे झटकतात. पुढच्या पंधरा मिनिटांत वरचे ढग खालून पेटतात ते त्यांच्या पाठीमागे. अर्थात ढग असले तर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतलेली असते, मेअखेरीस पावसाआधीचे ढग चढतात. जानेवारीत मात्र पुष्कळदा बिंब क्षितिजाला टेकायच्या आतच धुरकटात विरघळून जातं.

आकाश लख्ख आणि वाळू काळी, हा जुना तिढा आहे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले, तेव्हाच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या उजेडाला भलत्याच हळव्या होत्या. समुद्र नीट यावा एवढा वेळ दिला की आकाश कोरं पांढरं व्हायचं. त्याने पुष्कळ चित्रांत आकाशाची काच वेगळी, समुद्राची वेगळी घेतली आणि छापताना दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडली. एकच ढगाळ आकाश त्याच्या वेगवेगळ्या समुद्रांवर सापडतं, असं जाणकार दाखवून देतात. फसवणूक म्हणायची का? मला तसं वाटत नाही, पण ढग दुसऱ्या दिवसाचे जोडायला माझा हात धजत नाही. एकाच जागेवरून, लागोपाठ, आकाशासाठी एक आणि वाळूसाठी एक अशी दोन एक्स्पोजरं घेऊन जोडायला काहीच हरकत नाही. अर्धी काळी, अर्धी पारदर्शक अशी ग्रॅज्युएटेड काच मिळते, ती मोकळ्या क्षितिजाला ठीक. कोकणात मात्र चौकटीत कुठून तरी डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं असतं, आणि काचेची सरळ रेघ त्या डोंगराचाही वरचा भाग काळा करते.

माझा मेव्हणा यातलं काही करत नाही. खिशातून फोन काढतो, एकदा टिचकी मारतो, आणि फोन आतल्या आत चार-पाच फोटो जोडून ल ग्रेचं काम क्षणात उरकतो. घरच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच्या फोटोला अंगठे जास्त पडतात, हेही खरं. त्यावर मी त्याला एवढंच म्हणतो, "फोनला तिथी कळत नाही."

पण तिथी सगळंच देते असं नाही, आणि हे गुहागरजवळच्या हेदवीला गेल्यावर कळतं. तिथे उमा-महेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात एक अरुंद, खोल घळ आहे, बामणघळ. भरतीचं पाणी तीत कोंडतं आणि फवारा होऊन उंच उसळतं. फोटोवाल्याला काय हवं असतं? मोठं पाणी आणि मऊ उजेड, दोन्ही एका वेळी. आता पाऊणकी करा. मोठं पाणी म्हणजे उधाणाचं, पौर्णिमा-अमावास्येचं किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांचं. त्या दिवशी भरती येणार दुपारी बारा ते दीडला, नाहीतर मध्यरात्री. संध्याकाळची भरती अष्टमीची, म्हणजे भांगाची, आणि घळीत नुसती गुळगुळ. या किनाऱ्यावर मोठी भरती आणि मावळतीचा उजेड यांचं गणित जुळतच नाही. म्हणून हेदवीला मी द्वितीयेच्या भर दुपारी जातो आणि रंगाचा नाद सोडून कृष्णधवल काढतो. डोक्यावरच्या उन्हात फवाऱ्याचा थेंबन् थेंब पांढरा दिसतो, मागे घळीची काळी भिंत. उन्हाचा कडकपणा तिथे कामाला येतो. शटर हजारांश सेकंदाच्या आत. ओल्या कातळावर पाऊल टाकायचं नाही आणि घळीच्या तोंडाशी तर नाहीच. लांबून, जरा मोठ्या लेन्सने काढावं. तिथे जीव गेलेले आहेत.

पौर्णिमेची दुसरी देणगी पहाटेची. पहाटे साडेपाच-सहालाही ओहोटीच असते. सूर्य डोंगरामागून येतो, मग सुरूच्या झाडांवर, आणि पुळणीला ऊन लागेपर्यंत चांगलं उजाडून गेलेलं असतं. तेवढ्या वेळात वाळूतले बारके खेकडे कामाला लागलेले असतात. नखाएवढा जीव. बिळातून निघून वाळू तोंडात घालतो, खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीपेक्षा जराशी मोठी गोळी करून मागे टाकतो. बिळापासून बाहेर रेघा, रेघांवर गोळ्या. वरून बघितलं तर चक्र, चांदणी, कधी अर्धवट सोडलेली रांगोळी. ऊन सुरूच्या शेंड्यावरून तिरकं आलं की प्रत्येक गोळीला तिच्याहून लांब सावली पडते. त्या पाव तासात पालथं झोपून काढायचं. आपण हललो की खेकडे आत, थांबलो की थोड्या वेळाने बाहेर. मऊ उजेडात हा फोटो सपाट येतो, कातरवेळी तर येतच नाही. समुद्राकडे पाठ करून काढलेले हे फोटो मला माझ्या सूर्यास्तांपेक्षा सरस वाटतात. घरात कुणी ते भिंतीवर लावू देत नाही, तो भाग वेगळा.

सूर्यास्ताला ओहोटी, हवा स्वच्छ, सूर्य सहाला मावळणारा, या सगळ्याला एकत्र बसणारी तिथी म्हणजे आश्विनातली अमावास्या. लक्ष्मीपूजन! दिवाळीच्या सुट्टीत गुहागरात खोली मिळवायची तर उन्हाळ्यातच सांगून ठेवावं लागतं. ज्यांच्याकडे आम्ही उतरतो त्या काकूंना मी मे महिन्यातच फोन लावला.

"खोली आहे हो," काकू म्हणाल्या, "पण लक्ष्मीपूजनाला माणूस आपल्या घरी नसतो का?"

बायको शेजारीच उभी होती. मला उत्तर द्यावंच लागलं नाही. मग काकूंनीच सुचवलं, की त्रिपुरीला या, गर्दी ओसरलेली असते, देवळात दीपमाळ लागते, आणि तेव्हा पौर्णिमाच. मी मनात पाऊणपट केली, कॅलेंडर पाहिलं. त्रिपुरी बुधवारी पडत होती. ऑफिसात गुरुवारपर्यंतची रजा टाकली आहे. मेव्हणाही येतो म्हणतोय.