शिंगराची चंदी

बालमित्रांनो, परिपाठात तुम्ही राज्यगीत म्हणता ना? त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. पण ही भीमथडी कुठं आहे, असं विचारलं की वर्गात चिडीचूप! थड म्हणजे काठ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. आजचा दौंड, बारामतीचा भाग म्हणजेच जुनी भीमथडी. इथली तट्टं बेताच्या उंचीची, पण काटक. थोडक्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारी. मराठ्यांच्या घोडदळात त्यांनी मोठा पराक्रम केला. २०२३-२४ च्या हिवाळ्यात भीमथडी घोड्याची देशातली एक स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंदही झाली.

भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात या. शिरूरला आमच्याकडे जुनी माणसं अजून ‘घोडनदी’च म्हणतात. इंग्रजांच्या काळात इथं घोडदळाची छावणी होती. आणि याच तालुक्यात एक गाव आहे, आलेगाव पागा. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनं या आलेगावात घोड्यांची पैदास करण्याचं केंद्र चालवलं होतं. म्हणजे शिंगरू कसं वाढवायचं, हा विषय आपल्या मातीतलाच, बरं का! शिंगरू म्हणजे घोडीचं पिल्लू, हे तर तुम्हाला ठाऊक आहेच.

आता घोडदळं गेली. पण मेंढपाळ धनगरांच्या वाड्याबरोबर ही घोडी आजही चालतात. पावसाळा सरला की बिऱ्हाड निघतं. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, कधी लहानगं पोरसुद्धा घोडीच्या पाठीवर. मागून शिंगरू दुडदुडत येतं.

माझ्या चौथीच्या वर्गात अशाच एका घरचा मुलगा होता. आईवडील मेंढरांमागं गेले की तो आजीजवळ राहून शाळा शिकायचा. त्या वर्षी घरी एक शिंगरू ठेवलं होतं, सहा-सात महिन्यांचं. घोडी वाड्याबरोबर गेली आणि शिंगराची सगळी जबाबदारी या पठ्ठ्यानं घेतली. “बाई, पुढच्या दिवाळीला आमचं बिऱ्हाड हेच वाहणार!” असं तो मला रोज सांगायचा. म्हणून त्यानं खुराक सुरू केला. गिरणीतून गव्हाचा कोंडा आणायचा, त्यात बाजरीचा भरडा आणि गुळाचा खडा. आणि चाऱ्याला उसाचं वाढं. साखर कारखान्याचा हंगाम चालू, त्यामुळं वाढं फुकट! शिंगरू दिसायला गोलमटोल झालं. पण थोड्याच दिवसांत ते पाय उचलायला कुचराई करू लागलं. पुढच्या पायांचे सांधे, अगदी खुराच्या वरचे, सुजल्यासारखे दिसू लागले.

आजी घाबरली. तिची भीती साधी नव्हती. ज्या घराला वर्षातले सात-आठ महिने चालायचंच असतं, त्या घरात लंगडा घोडा कोण पोसणार? तो विकावाच लागतो, आणि लंगड्याला गिऱ्हाईक तरी कोण?

लसीकरणासाठी गावात आलेल्या पशुवैद्यक डॉक्टरांना मुलानं हात धरूनच घरी नेलं. शाळेला लागूनच घर, म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी सांधे चाचपले, बरगड्यांवरून हात फिरवला, मग विचारलं, “आजी, खायला काय घालता?”

“आवं डॉक्टरसायेब, कशाची कमी न्हाई बघा. माझं नातू सोताच्या तोंडचा घास काढून घालतंय.”

“तिथंच घोडं पेंड खातंय, आजी!” डॉक्टर हसून म्हणाले. “खायला कमी नाही, पण जे हवं ते नाही.”

मग त्यांनी जे समजावलं, ते तुम्हालाही सांगते.

शिंगरू जन्मलं की तास-दोन तासांत उभं राहतं आणि आईला लुचतं. पहिल्या काही तासांत चीक पोटात जायलाच हवा. माणसाच्या बाळाला रोगाशी लढायची थोडी शक्ती आईच्या पोटातच मिळते. शिंगराला ती मिळत नाही, सगळी चिकातूनच मिळते. पुढं दोन-तीन महिने दूध भरपूर असतं, मग ते कमी होत जातं. तोवर शिंगरू आईचं बघून गवत चघळायला शिकतं. मधूनच आईची लीदही खातं! हसू नका हं. गवत पचवायला लागणारे सूक्ष्म जीव त्यातूनच त्याच्या आतड्यात जातात. चार ते सहा महिन्यांत दूध तोडलं जातं, आणि खरी कसोटी तिथून सुरू होते.

घोडा गाईसारखा रवंथ करत नाही. अंगाच्या मानानं त्याचं पोट लहान असतं आणि त्याला ओकताही येत नाही. एकदम बचाभर दाणा खाल्ला की पोटशूळ उठतो, आणि त्यात घोडं दगावतंही. म्हणून थोडं थोडं, पण दिवसभर. आणि मुख्य जेवण म्हणजे वैरण. १०० किलो वजनाच्या वाढत्या शिंगराला दिवसाला अडीच ते तीन किलो कोरडा आहार लागतो. आपल्याकडच्या काटक तट्टाला त्यातली निम्म्याहून जास्त वैरणच हवी. उरलेली चंदी. घोड्याच्या दाण्याच्या खुराकाला चंदी म्हणतात, आणि ती तोंडाला बांधायच्या पिशवीला तोबरा.

चंदीत नुसतं बाजरी, मका असून भागत नाही. त्यानं ताकद मिळते, पण अंग बांधलं जात नाही. त्यासाठी प्रथिनं हवीत. ती हरभऱ्यातून मिळतात, सोयाबीनच्या पेंडीतून मिळतात. दाणा फार झाला तर वजन भराभर वाढतं, पण हाडं मागं राहतात. वाढत्या हाडांच्या टोकाला मऊ कूर्चेचा थर असतो, हाड तिथूनच लांब होतं. कोवळ्या थरावर जादा ओझं आलं की सांधे सुजतात. घोडं वर्षाचं होईतो उंचीनं जवळजवळ पुरं होतं, पण त्याची हाडं पक्की व्हायला पुढं कित्येक वर्षं जातात.

आता कोंड्याची गोष्ट. हाडाला कॅल्शियम लागतं आणि फॉस्फरसही. पण कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट हवं. गव्हाच्या कोंड्यात नेमकं उलटं! फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहापट. मग शरीर काय करतं? रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला ते हाडांतूनच उसनं घेतं. हाडं पोकळ होतात आणि जबड्याची हाडं तर सुजून डोकं मोठं दिसू लागतं. पूर्वी युरोपात पीठगिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा रोग व्हायचा, कारण त्यांना कोंडा आयता मिळायचा. आणि उसाच्या वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचा पदार्थ असतो. तो होतं-नव्हतं ते कॅल्शियमही अडवून ठेवतो. म्हणजे आमच्या पठ्ठ्याचं शिंगरू पोटभर खात होतं, आणि त्याची हाडं उपाशी होती!

“मग काय घालू, डाक्टर?” मुलानं रडवेल्या आवाजात विचारलं.

“कोंडा आणि वाढं बंद. बाजरी निम्मी कर. वाळलेलं गवत समोर कायम असू दे. रोज थोडा लसूणघास घाल, त्यात कॅल्शियम भरपूर असतं. भिजवलेला हरभरा मूठभर, खनिज मिश्रण मी सांगतो तेवढंच, मिठाचा खडा चाटायला, आणि स्वच्छ पाणी. दिवसभर खुंट्याला बांधून ठेवू नकोस, मऊ रानात फिरू दे. आणि दर रविवारी बरगड्यांवर हात फिरव. बरगड्या डोळ्यांना दिसायला नकोत, पण हाताला लागायला हव्यात.”

पोरानं सगळं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. गणिताच्या तासाला मी त्याला तीच गणितं घातली, किलो आणि ग्रॅमची. एकही चुकलं नाही! सूज उतरायला चार-पाच महिने लागले. डावा पाय अजून किंचित बाहेर वळलेला आहे, तो तसाच राहील. पण शिंगरू चालतं. पुढच्या दिवाळीला ते वाड्याबरोबर निघालं. मात्र पाठ मोकळी ठेवून. ओझं तीन वर्षांचं होईतो नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

पालकहो, थोडं तुमच्याशीही बोलते. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती सापडली आणि मातीच्या रांजणांत पुरलेली कितीतरी लहान मुलंही. त्या मुलांच्या काही दुधाच्या सुळ्यांवर अभ्यासकांना बारीक खळगे दिसले. वाढीच्या अगदी सुरुवातीला पोषण कमी पडल्याची ती खूण, असं ते मानतात. वाढत्या वयात पोटात काय गेलं, याची नोंद दात-हाडं अशी ठेवतात, हजारो वर्षं!

मुलांनो, तुमचीही हाडं अजून वाढतायत, त्याच कूर्चेच्या थरातून. कुरकुरे आणि गोळ्या-बिस्किटांनी पोट भरतं, तसं शिंगराचंही कोंड्यानं भरत होतं. तुमची चंदी काय? भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी, दूध नाहीतर ताक, चालत असेल तर अंडं, आणि हंगामाचं फळ. शाळेच्या खिचडीतले मटकीचे दाणे बाजूला काढणारे काही महाभाग मला माहीत आहेत. नावं घेत नाही!

एक काम सांगते. एका कागदावर आठवडाभर रोज काय खाल्लं ते लिहा. जे पोट भरतं ते एका रकान्यात, जे अंग बांधतं ते दुसऱ्या. दुसरा रकाना रिकामा दिसला तर तो कागद आईबाबांना दाखवा. आणि दिवाळीनंतर रस्त्यानं धनगरांचा वाडा जाताना दिसला, तर घोडीमागचं शिंगरू जरूर बघा. पण लाडानं त्याच्यापुढं बिस्किटाचा पुडा धरू नका. त्याला काय चालतं, ते आधी त्याच्या धन्याला विचारा.