बीचरचा ओढा

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील लिव्हरपूल बंदरालगत एन्ट्री नावाचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आहे. विल्यम लिन या हॉटेलमालकाने १८२९ साली तेथे शर्यती सुरू केल्या. ‘ग्रँड नॅशनल’ ही जगप्रसिद्ध शर्यत येथेच भरते.

या शर्यतीत मैदानाला दोन फेरे घालून घोडे सुमारे सात किलोमीटर दौडतात. वाटेत हिरव्या फांद्यांनी मढवलेले १६ अडथळे आहेत. त्यांतील १४ दोनदा आणि दोन एकदाच, अशा एकूण ३० उड्या होतात. सहावा अडथळा सर्वांत नामांकित. १८३९ साली कॅप्टन बीचर हा स्वार येथे घोड्यावरून उडून थेट ओढ्यात पडला आणि मागचे घोडे डोक्यावरून निघून जाईपर्यंत पाण्यातच दडून राहिला. ओढ्याला त्याचे नाव मिळाले ते पराक्रमाबद्दल नव्हे, पडण्याबद्दल!

येथे पलीकडची जमीन अलीकडच्यापेक्षा खोल. उडी घेताना घोड्याला ती दिसत नाही. १९८९ साली या ठिकाणी दोन घोडे प्राणांस मुकले. तेव्हा पलीकडचा उतार सपाट करून ओढा उथळ करण्यात आला. २०२४ साली धावणाऱ्या घोड्यांची संख्याही ४० वरून ३४ वर आणली गेली. जुना थरार उरला नाही, अशी काही शौकिनांची तक्रार असते. घोड्यांचे मत मात्र कोणी विचारलेले नाही.

रेड रम नावाच्या घोड्याने १९७३, १९७४ व १९७७ साली ही शर्यत जिंकली. पाच शर्यतींत मिळून त्याने बीचरचा ओढा दहा वेळा ओलांडला आणि तो एकदाही पडला नाही. १९९५ साली तो मरण पावला, तेव्हा त्याला एन्ट्रीच्या अंतिम रेषेजवळच पुरण्यात आले.