दयेचा अर्ज

महसूल खात्यात विनंती अर्ज हा रोजचाच कागद. त्यातील भाषाही ठरलेली : 'मी अत्यंत गरीब असून माझ्यावर दया व्हावी.' पण थकबाकीदाराच्या अटकेचा प्रस्ताव समोर असतो, तेव्हा याच वाक्यावर एका माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते.

हे वाक्य फार जुने आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी पैसा उभा करणारा रॉबर्ट मॉरिस पुढे जमिनीच्या सट्ट्यात बुडाला आणि १७९८ ते १८०१ या काळात फिलाडेल्फियाच्या तुरुंगात कर्जदार म्हणून राहिला. खुद्द वॉशिंग्टन त्याला तेथे भेटून गेले. सामान्य कर्जदाराला असा पाहुणा कोठून मिळणार? सावकाराची किंवा कायदेमंडळाची दया भाकणे एवढेच त्याच्या हाती होते. कोंडलेला माणूस कमावणार कसा आणि फेडणार कसा, या प्रश्नाला त्या व्यवस्थेकडे उत्तर नव्हते. संघराज्याच्या कायद्याने ही कैद तेथे १८३३ मध्ये बंद केली.

आपल्याकडचा अनुभव वेगळा नाही. दख्खनच्या शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगाची भीती दाखवून सावकार नवे कर्जरोखे लिहून घेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला. लोकांचा रोख मुख्यतः या कागदांवर होता. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करण्यास मनाई केली. जबलपूर ज्या मध्य प्रांतात होते, तेथे १९३३ मध्ये कर्ज सलोखा कायदा झाला. त्यामागील विचार धनको-ऋणकोंना समोरासमोर बसवून तडजोड घडविण्याचा होता.

१९३६ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ ला परंतुक जोडले गेले. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले, की केवळ फेडता येत नाही म्हणून कैद करता येणार नाही. ऐपत असूनही टाळाटाळ किंवा अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. याच संहितेनुसार कैदेतील ऋणकोच्या निर्वाहाचा खर्च धनकोने भरावयाचा असतो, आणि सुटकेनंतरही कर्ज मात्र उरतेच.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १७६ मधील वसुलीच्या मार्गांत अटक व कैद आजही आहे. खरी अडचण येथे सुरू होते. नाडलेला शेतकरी आणि मुरलेला थकबाकीदार या दोघांचेही अर्ज अनेकदा कचेरीबाहेरचा एकच अर्जनवीस लिहितो, शब्दही तेच असतात. त्यामुळे अर्जावरून काहीच कळत नाही. कळते ते सातबारा, पीकपाहणी आणि गावातील चौकशीवरून. असे प्रस्ताव आले की मी तीन गोष्टी विचारीत असे : थकबाकी पडली तेव्हा याच्याकडे काय होते, ते कोठे गेले, आणि आज काय आहे? मार्चअखेरच्या वसुलीच्या घाईत एवढे विचारायलाही नेट लागतो. या चौकशीत काहींची दडविलेली मालमत्ता सापडली आणि ती जप्त झाली. काहींकडे खरोखरच काही नव्हते. त्यांना हप्ते बांधून दिले.

तरुण अधिकाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. 'देत नाही' आणि 'देऊ शकत नाही' यांतील फरक शोधणे ही दया नव्हे, ते आपले काम आहे. तो फरक कारणांसह आदेशात लिहावा, म्हणजे समोरच्याला दया मागावी लागणार नाही.