पीळ

(द्वितीय वर्ष, कला)

आमचं घर रुंदीला अगदी बेताचं आणि लांबीला मात्र आगगाडीच्या डब्यासारखं आहे. रस्त्याच्या अंगाला अण्णांचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, भिंतीला टांगलेली होल्डर-बटणं आणि कोपऱ्यात वायरींची भेंडोळी. मग मधली खोली, मग चौक, चौकापलीकडे स्वयंपाकघर आणि त्याच्यावर पत्र्याची एक खोली. ती खोली माझी. बारावीला बरे मार्क पडले म्हणून मला बक्षीस मिळालेली. उन्हाळ्यात तिथं भाकरी भाजता येईल. पण दार लावलं की ती माझी एकटीची असते, आणि आमच्या घरात ही चैन याआधी कुणाच्या वाट्याला आलेली नाही.

अण्णा वायरमन आहेत. शिक्षण सातवी. पंचवीस वर्षं बार्शीतल्या घराघरांतून ते वायरी ओढत आलेत. रस्त्यानं जाताना एखाद्या घराकडे बोट दाखवून ते सांगतात, "ह्याचं फिटिंग माझं." आत राहणाऱ्यांची नावं ते विसरतात, मीटर कुठं बसवलाय ते विसरत नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या अभ्यासासाठी म्हणून त्यांनी इंटरनेटचं कनेक्शन घेतलं. बंद पडलेल्या एका ऑफिसातला जुना संगणकही स्वस्तात मिळाला. कंपनीचा मुलगा दुकानात राउटर बसवून गेला. बिनतारी लहरी आमच्या जुन्या जाड भिंतींतून माळ्यापर्यंत पोचेनात, आणि माझ्या संगणकाला त्या पकडायची सोयही नव्हती. तेव्हा वायर ओढणं आलं. कंपनीचा मुलगा म्हणाला, आतल्या वायरीचे पैसे वेगळे पडतील. अण्णांना हसूच आलं. वायरमनच्या घरात वायर ओढायचे पैसे! दुसऱ्याच दिवशी त्यांनी नेटची केबल, प्लग, ते प्लग दाबायची पक्कड आणि आठ दिव्यांचा टेस्टर आणला, आणि संध्याकाळपर्यंत पस्तीस मीटर वायर दुकानातून माझ्या टेबलापर्यंत आली. इतकी सरळ पट्टी ठोकली होती, की चौकातून बघताना भिंतीवर रेघ मारल्यासारखी दिसे.

आणि नेट चालेना.

म्हणजे अगदीच चालत नव्हतं असं नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. बंद पडलेल्या गोष्टीवर निदान सगळ्यांचं एकमत होतं. पानं उघडत, पण रडत-कढत. राज्यसेवेच्या तयारीची व्याख्यानं मी लावी आणि दर मिनिटाला सरांचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठून जाई. चाळीस एमबीपीएसच्या वेगाचे पैसे आम्ही भरत होतो आणि माळ्यावर मोजला तर कधी दोन, कधी तीन, एखाद्या सकाळी दहा.

अण्णांनी कंपनीला फोन केले. मुलगा तीनदा आला. तिसऱ्या खेपेस तो म्हणाला, "काका, आमच्याकडून सगळं ओके आहे. तुमच्या आतल्या वायरीत दोष आहे."

अण्णा काही बोलले नाहीत. आत जाऊन टेस्टर घेऊन आले, एक तुकडा खाली लावला, दुसरा वर, आणि त्याला जिना चढून यायला लावलं. एक, दोन, तीन, चार... आठही दिवे ओळीनं लागले. "सांग आता, कुठं तुटलीय?" मुलगा गप्प बसला आणि निघून गेला. त्या दिवसापासून कंपनी लबाड आहे हे आमच्या घरात ठरून गेलं. आई हळूच म्हणाली, "सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही." ती कंपनीला म्हणाली की अण्णांना, ते तेव्हा कळलं नाही.

आता इथं मला एक कबुली द्यायची आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यानं यंत्राला हात लावला की लोक दचकतात, आणि मीही स्वतःला त्यांतलीच समजत होते. पण आम्हांला तर्कशास्त्राला मिल्ल आहे. जॉन स्टुअर्ट मिल्लनं 1843 साली आपल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती सांगितल्या. त्यांतली व्यतिरेक पद्धती परीक्षेपुरती मला पाठ होती: दोन प्रसंगांत बाकी सगळं सारखं असून एकच गोष्ट वेगळी असेल आणि परिणामही वेगळा असेल, तर कारण त्या वेगळ्या गोष्टीपाशी शोधावं. एका दुपारी अण्णा कामावर गेलेले असताना मी संगणक उचलून दुकानात नेला आणि राउटरबरोबर आलेल्या हातभर वायरीनं जोडला. वेग अडतीस! परत वर आणला. तीन. तोच संगणक, तोच राउटर, तीच वेळ. वेगळी होती ती फक्त वायर.

मिल्लचं काम तिथंच संपलं होतं. माझं नव्हतं. पुढचे चार दिवस मी काय केलं म्हणाल, तर दोष दुसऱ्या कशात तरी सापडावा म्हणून धडपडले. संगणकातले नको ते प्रोग्रॅम काढून टाकले. राउटर इतक्या वेळा बंद-चालू केला की आईनं विचारलं, "त्याला झोपू देत नाहीस का ग?" मला कंपनीचा मुलगा खरा ठरायला नको होता. आठ दिवे तर लागत होते ना!

आणि त्याच चार दिवसांत आणखी एक गोष्ट दिसली. आई ब्लाऊज शिवते. तिच्या मशीनला मोटर आहे. मशीन खडखडायला लागलं की वर सरांचा चेहरा गोठे. आधी वाटलं, मनाचे खेळ. मग पिंग करून पाहिलं. पिंग म्हणजे संगणकानं राउटरला हाक मारायची आणि ओ यायची वाट पाहायची. लहानशी हाक मारली तर शंभरातल्या शंभर हाकांना ओ आली. मोठी, जड हाक मारली तर शंभरातल्या सात हरवल्या. आईचं मशीन चालू असताना बावीस!

शंभरातल्या सात हरवल्या म्हणून वेग चाळीसाचा तीनवर का यावा, हे मला कळेना. वाचल्यावर कळलं, की नेटवरून माल पाठवणारी यंत्रणा मोठी समजूतदार आहे. एखादा डाग हरवला की रस्त्यात गर्दी झाली असेल असं ती धरून चालते आणि आपण होऊन सावकाश पाठवू लागते. हा समजूतदारपणा तिला शिकवावा लागला. 1986 सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेत बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यामध्ये, अवघ्या चारशे यार्डांत, गर्दीमुळे वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर घसरला होता. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये जे उपाय मांडले, त्यांवर आजचं नेट तगून आहे. पण आमच्या घरी गर्दी नव्हतीच. माल वायरीतच खराब होत होता आणि बिचारी यंत्रणा रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत बसली होती.

शेवटी प्लगांचे फोटो काढून मी कॉलेजच्या संगणक कक्षातल्या काकांना दाखवले. त्यांनी चष्मा वर केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे रंग कुणी लावलेत?"

मी म्हटलं, "का?"

"जोडी फुटलीय."

त्या केबलीत आठ तारा असतात, त्यांच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक भरल्या रंगाची, एक त्याच रंगाची पांढरट, आणि दोघी एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. अण्णांनी प्लगात त्या कशा लावल्या होत्या? शहाणा माणूस लावील तशाच. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना सारखं. पण संगणक पहिल्या आणि दुसऱ्या तारेची एक जोडी धरतो आणि तिसऱ्या आणि सहाव्या तारेची दुसरी. मधल्या चौथी-पाचवीची जागा टेलिफोनच्या जोडीसाठी राखलेली, म्हणून दुसरी जोडी तिच्या दोन्ही बाजूंना पाय फाकून उभी. तेव्हा हिरवी सहाव्या जागी जायला हवी आणि निळीनं मध्ये शिरायला हवं. अण्णांच्या मांडणीत तिसरी होती पांढरी-हिरवी आणि सहावी निळी. दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या दोघी, एकमेकींना पीळ नसलेल्या, एक काम करायला लावलेल्या. टेस्टर एवढंच विचारतो, की ह्या टोकाची तार त्या टोकाला पोचली का? पोचली होती. दिवा खोटं बोलत नव्हता.

हे सगळं मला समजलं, पण घरी जाऊन सांगायचं कसं, ते मिल्लनं कुठंच लिहिलेलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर अण्णा चौकात बसले होते. मी फार वाईट सुरुवात केली. म्हटलं, "अण्णा, त्याचं एक स्टँडर्ड असतं." इंग्रजी शब्द तोंडातून गेला आणि त्यांचा चेहरा कंपनीच्या मुलासमोर झाला होता तसाच झाला.

"दोन्हीकडं सारखंच लावलंय ना?"

"हो."

"मग?"

मला पुढं बोलता येईना. थोड्या वेळानं मी दुसरीकडून गेले. विचारलं, "अण्णा, त्या तारांना पीळ कशाला देतात हो?"

ते म्हणाले, "गुंतू नयेत म्हणून." मग स्वतःच थांबले. उठून दुकानातून उरलेल्या केबलीचा वीतभर तुकडा आणला, सोलला आणि दिव्याखाली धरला. मी वाचलं होतं तेवढं सांगितलं: ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची, 1881 चं त्याचं पेटंट. जोडीतल्या दोन तारांतून एकाच निरोपाच्या दोन उलट बाजू जातात. पीळ असला की बाहेरची खरखर दोघींवर सारखीच बसते, आणि घेणारा दोघींतला फरक तेवढा बघतो, म्हणून खरखर आपोआप वजा होते. पीळ नसला की एकीवर जास्त बसते, एकीवर कमी.

अण्णा ऐकत होते की नाही कोण जाणे. ते चारही जोड्या शेजारी शेजारी ठेवून नखानं पीळ मोजत होते. "हिचा पीळ दाट आहे," ते म्हणाले, "हिचा विरळ. चौघींचा वेगळा ठेवलाय. म्हणजे एकीचं दुसरीला लागू नये म्हणून." हे काकांनी मला सांगितलं नव्हतं, आणि फोटोत मला दिसलंही नव्हतं. मग भिंतीवरच्या त्या सरळ पट्टीकडे बघत ते हळूच म्हणाले, "आणि मी ती लाईटच्याच पट्टीतनं ओढलीय. मशीनची वायर पण तिच्यातच आहे."

रात्री साडेदहाला आम्ही प्लग कापले. मी कागदावरून वाचायचं आणि त्यांनी तारा लावायच्या. "पांढरी-नारिंगी. नारिंगी. पांढरी-हिरवी. निळी." इथं ते थांबले. "निळी मध्येच?" "हो, आधी टेलिफोन होता तिथं." "बरं." पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. तपकिरीला ते चॉकलेटी म्हणतात. चष्मा कपाळावर आणि ओठ घट्ट मिटलेले. त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता, माझा कागद मात्र हलत होता.

वर जाऊन मी वेग मोजला. अडतीस! मी ओरडलेच. अण्णा पडद्याकडे बघायला आले नाहीत. जिन्यातूनच त्यांनी आईला हाक मारली, "मशीन चालव ग जरा." इतक्या रात्री आईनं चिंधीवर मशीन चालवलं. मी पुन्हा मोजला. सदतीस. तरीसुद्धा पुढच्या रविवारी त्यांनी लाईटपासून हातभर लांब दुसरी पट्टी ठोकून वायर तिच्यात घेतली. ही पट्टी पहिलीइतकी सरळ नाही आली.

कंपनीला फोन करून त्या मुलाला काही सांगावं, असं मला वाटत होतं. अण्णांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही.

सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा ते सायकलला पिशवी अडकवत होते. पिशवीत पक्कड आणि नवे प्लग. मी विचारलं, कुठं काम निघालं? म्हणाले, "काम नाही. आपल्या वायरीनंतर तीन घरी नेटची वायर ओढली होती." माझा रंगांचा कागद त्यांनी सदऱ्याच्या खिशात घडी करून ठेवला होता. संध्याकाळी आईनं विचारलं, पैसे घेतले का, तर म्हणाले, "कशाचे?" दोन घरची माणसं म्हणे रोज कंपनीशी भांडत होती. तिसऱ्या घरी कुणाची काही तक्रारच नव्हती. नेट असंच असतं, असं त्यांना वाटत होतं.