खडू मोडून घ्यावा

नवा कोरा खडू फळ्यावर टेकवला की किंचाळतो. वर्ग दात आवळतो, पहिल्या बाकावरची मुलं कानांवर हात ठेवतात. लांब कांडी फळ्यावर सरळ सरकत नाही. ती अडकते, सुटते, पुन्हा अडकते, आणि ती थरथर आपल्याला ऐकू येते. कांडी मधोमध मोडली आणि तिरपी धरली की आवाज बंद. यामागचं भौतिकशास्त्र मला फार उशिरा कळलं. त्याच्या कितीतरी आधी अण्णांचा नियम पाठ झाला होता : खडू मोडून घ्यावा.

अण्णा म्हणजे माझे वडील. माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांची नोकरी गेली. दहिवडी-म्हसवडच्या आसपासची ही गावं, पावसानं बहुतेकदा पाठ फिरवलेली, मेंढरांची. शाळा बहुधा द्विशिक्षकी. दोन गुरुजी, चार वर्ग, एका खोलीत दोन फळे. त्यांचे नियम खडूपुरतेच नव्हते, पण खडूचे सगळे मी आजही पाळते. लिहिताना कांडी बोटांत फिरवत राहायची, म्हणजे रेघ एकसारखी उमटते. अक्षर शेवटच्या बाकावरच्या मुलासाठी काढायचं, पहिल्यासाठी नाही. लिहून झालं की फळ्यापुढून बाजूला व्हायचं. "आपल्या पाठीवर काय लिवलेलं नसतंय," असं ते म्हणत.

फळ्याची मांडणी ठरलेली असे. वर वार आणि दिनांक, मधे सुविचार, कोपऱ्यात पट आणि हजर. पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी रंगीत खडू घेऊन अण्णा फलकलेखनाला बसत आणि रात्री उशिरा घरी येत तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाला तिरंगा लागलेला असे. आईची त्यावर ठरलेली तक्रार असे. ती तपशिलात सांगण्यासारखी नाही.

आमच्या हाती आधी पाटी आली. काळी, दगडी, लाकडी चौकटीची. अशा पाट्यांसाठी आंध्रातलं मार्कापूर नावाजलेलं. पेन्सिल लिहिण्याइतकीच खाण्यासाठी असते, असा आमच्या वर्गाचा समज होता. पाटीचा गुण असा की लिहिलेलं उरत नाही. चुकलं, पुसलं, पुन्हा काढलं. वहीतली खाडाखोड मास्तरांना दिसते, पाटीवरची नाही. पुढे मी गणितात रमले, त्यात या सवलतीचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. गणित हा पुसत पुसत पुढे जाण्याचा विषय आहे. छापील पुस्तकात तो तसा दिसत नाही, कारण पुसलेलं सगळं तिथवर पोचतच नाही.

खडूशी खरी ओळख झाली ती कार्यानुभवाच्या तासाला. आमच्या हायस्कुलात हा तास म्हणजे खडू बनवणं. बादलीत पाणी, त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस, शुभ्र दिसावा म्हणून बोटभर नीळ. धातूचा साचा दोन भागांत उघडणारा, आत कांड्यांच्या खोबणी. त्याला आधी तेल आणि रॉकेल चोळायचं, नाहीतर खडू साच्यातून सुटत नाही. मग घाई. मिश्रण ओतायला उशीर झाला तर ते बादलीतच दगड होतं, आणि मग सर दगडापेक्षा कठीण होतात. साचा भरला, वरचं जास्तीचं पट्टीनं खरवडलं की हात लावून बघायचा. साचा गरम लागे. चूल नाही, ऊन नाही, तरी गरम.

त्याचं कारण सरांनी सांगितलं होतं. जिप्सम नावाच्या खनिजात पाणी कोंडलेलं असतं. ते दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि उरते ती पूड म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. तिला परत पाणी दिलं की ती गेलेलं पाणी पुन्हा धरून घेते, मूळचा दगड होते आणि तसं होताना उष्णता सोडते. आपल्याकडचं जिप्सम बरंचसं राजस्थानातलं. दुष्काळी तालुक्यातल्या पोरांनी राजस्थानातल्या वाळवंटातल्या दगडाला टँकरचं पाणी पाजून खडू करायचे, यात काहीतरी गंमत आहे हे तेव्हा कळलं नाही. तेव्हा एवढंच कळलं की आपण केलेल्या खडूनं आपलेच सर आपल्यालाच लसावि शिकवतात.

पुण्यात एम.एस्सी. आणि मग पीएच.डी.ला आले तेव्हा खडूला एवढी प्रतिष्ठा असते हे बघून मी चकित झाले. बाकीच्या विभागांत प्रोजेक्टर आले होते, पांढरे फळे आले होते. गणितवाले मात्र काळा फळा सोडायला तयार नव्हते. परदेशांतही तेच. जपानमधल्या नागोया शहरात हागोरोमो नावाची कंपनी खडू करायची. १९३२ साली सुरू झालेली ही कंपनी २०१५मध्ये बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा अमेरिकेतल्या नामवंत गणितज्ञांनी वर्षानुवर्षं पुरतील एवढे खडू साठवून ठेवले. शेवटी दक्षिण कोरियातल्या एका गणिताच्या शिक्षकानं तिची यंत्रं विकत घेतली आणि तो खडू वाचला. हा किस्सा मी अण्णांना फोनवर सांगितला. त्यांनी शांतपणे विचारलं, "मोडून घेतात का ते?"

गणितवाल्यांचा हा हट्ट मला पटतो. पडद्यावर सिद्धता सरकते तेव्हा ती आधीच झालेली असते. ऐकणारा मान डोलावतो आणि मागे राहतो. खडूनं लिहिताना सांगणाऱ्याचा वेग हाताला बांधलेला असतो, आणि ऐकणाऱ्याच्या विचाराचा वेगही साधारण तेवढाच असतो. शिवाय जिथे अवघड आहे तिथे हात थबकतो. तो थबकलेला दिसणं हाच शिकवण्याचा निम्मा भाग आहे. माझ्या मौखिक परीक्षेत स्लाइड्स चकचकीत होत्या. मुख्य प्रमेयापाशी आल्यावर बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हात वर केला आणि म्हणाले, "हे बंद करा. फळ्यावर करून दाखवा." विभागातली मंडळी, मागे ज्युनियर विद्यार्थी, शेवटच्या रांगेत कडक इस्त्रीच्या शर्टात अण्णा. मी खडू घेतला, मोडला आणि लिहायला लागले. बाकीचं आता नीटसं आठवत नाही. नंतर अण्णा म्हणाले, त्यांना विषय कळला नाही, पण मी फळ्यापुढून वेळेवर बाजूला होत होते.

पदवी मिळाली, नोकरी नाही. महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांना सीएचबी ही तीन अक्षरं समजावून सांगावी लागतात. क्लॉक अवर बेसिस, सरकारी मराठीत तासिका तत्त्व. महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा रिकामी आहे, ती भरायची परवानगी नाही किंवा भरली जात नाही, म्हणून तासावर माणूस घ्यायचा. नेट किंवा सेट झालेला, बहुतेकदा पीएच.डी.ही झालेला. तो जितके तास घेईल तितक्यांचे पैसे, आणि तेही महिन्याच्या महिन्याला येतील असं नाही. पेपर तपासणं, परीक्षेला पर्यवेक्षण, नॅकच्या फायली हे सगळं आलंच, पण ते तासांत धरलेलं नाही. सत्र संपलं की नेमणूक संपली. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तोच वर्ग. दिवाळीच्या सुट्टीचे पैसे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत.

मी अशी काही वर्षं काढली. दोन महाविद्यालयं, मधे पीएमपीची बस. पर्समध्ये खडू माझे मीच ठेवायची, कारण स्टाफरूममधल्या कपाटाची किल्ली कायम लोकांकडे असे. कायम हा शब्द आमच्यात माणसांना लावला जाई : ते कायम आहेत, आपण सीएचबी. कुठे जागा निघालीच तर जाहिरातीच्या मागोमाग एक आकडाही कुजबुजला जाई. तो आकडा अण्णांच्या सगळ्या फंडापेक्षा मोठा असे. त्यांनी एकदाच विचारलं, "जमीन इकू का?" मी नाही म्हणाले. तो विषय घरात परत निघाला नाही.

आसाममधल्या तेजपूरच्या जागेचा अर्ज केला तेव्हा हे गाव नकाशावर शोधावं लागलं. निवड झाल्याचं पत्र आलं आणि घरी दोन दिवस सल्ल्यांची रांग लागली. मामा म्हणाले, तिकडं अतिरेकी असतात. मावशी म्हणाली, लग्नाचं बघायचं तर मुलगी इतकी लांब कशी चालेल? आईनं फक्त विचारलं, पगार बारा महिने मिळतो का? मी हो म्हणाले. तिनं चटण्यांचे डबे काढले.

गाडी मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून. भुसावळपर्यंत आपलं वाटतं. इटारसी, जबलपूर, मग गंगेचा मैदानी प्रदेश, पाटणा, कटिहार. न्यू जलपाइगुडीनंतर भारताचा नकाशा जिथे मानेइतका बारीक होतो, तिथून गाडी पूर्वेला वळते आणि दोन्ही बाजूंना अचानक पाणीच पाणी. गुवाहाटीहून पुढे बस, नगाव मार्गे. संध्याकाळी आम्ही कलियाभोमोरा पुलावर चढलो. ब्रह्मपुत्रेवरचा हा पूल तीन किलोमीटर लांब आहे. बस चालतच राहिली आणि खाली नदी संपेना. आमच्या माणगंगेला वर्षातून काही दिवसच पाणी असतं.

तेजपूर म्हणजे पुराणातलं शोणितपूर, बाणासुराची राजधानी, असं इथे मानतात. बाणासुराची मुलगी उषा. तिच्या स्वप्नात एक राजपुत्र आला. तो कोण, हे तिला माहीत नव्हतं. तिची सखी चित्रलेखा एकेका राजपुत्राचं चित्र काढत गेली आणि उषेनं बोट ठेवलं ते कृष्णाच्या नातवावर, अनिरुद्धावर. मग चित्रलेखेनं त्याला द्वारकेहून उचलून आणलं. गावातल्या अग्निगड टेकडीवर या कथेची शिल्पं आहेत, खाली चित्रलेखा उद्यान आहे. म्हणजे पश्चिम किनाऱ्याकडून तेजपूरला आलेला पहिला माणूस अनिरुद्ध, आणि तोही झोपेत. मी निदान जागी होते. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, चित्रलेखेनं खडूच वापरला असणार.

इथे घड्याळ वेगळं चालतं. जूनमध्ये साडेचारला लख्ख उजाडतं आणि डिसेंबरमध्ये दुपारचा चहा होतो तोवर सूर्य बुडतो. चहाच्या मळ्यांनी तर आपली वेळ देशाच्या एक तास पुढेच ठेवली आहे. हवेत इतका ओलावा की पावसाळ्यात खडू मऊ पडतो, फळ्यावर रेघेऐवजी ओला ओरखडा उमटतो. माणमध्ये खडू हातातच भुगा व्हायचा. आता मी खडू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते.

पहिल्या वर्गात माझं इंग्रजी त्यांना सातारी वाटलं असणार आणि त्यांचं मला कळेना. एक मुलगी धीर करून बाइदेउ, म्हणजे ताई, म्हणाली आणि पुढचं सगळं असमियात बोलली. मग मी बोलणं थांबवलं आणि फळ्याकडे वळले. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९मध्ये मांडलेली गंमत मला नेहमीच उपयोगी पडली आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. मुलांना संख्या विचारली. मागून एकानं १९८७ सांगितली. त्यांचा पूल सुरू झाला ते साल. ९८७१ वजा १७८९, उत्तर ८०८२. ८८२० वजा ०२८८, उत्तर ८५३२. ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आणि आता ६१७४वर तेच करा : ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. तिथून सुटका नाही. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता. वर्गात वह्या उघडल्या, जो तो आपापली जन्मसालं वजा करायला लागला. कापरेकरांकडे पीएच.डी. नव्हती. मोठमोठ्या गणितज्ञांनी त्यांच्याकडे बराच काळ दुर्लक्ष केलं, आणि १९७५मध्ये मार्टिन गार्डनरनं लिहिल्यावर जगानं त्यांची दखल घेतली. शाळामास्तर ते शाळामास्तरच राहिले. हे मी त्या दिवशी सांगितलं नाही, सत्राच्या शेवटी सांगितलं.

इथली पहिली मोठी सुट्टी लागली आणि महिनाअखेरीला फोनवर बँकेचा मेसेज आला. एकही तास न घेता पगार जमा. मी तो आईला वाचून दाखवला. तिनं विचारलं, चूक तर नाही ना झाली बँकेची? नव्हती. तेजपूर मला आवडतं, मुलं गुणी आहेत, बिहूच्या दिवसांत शेजारून पिठा येतो. पण हे शिकवणं मी सातारा जिल्ह्यातही एवढ्याच जिवानं केलं असतं, आणि तिथे जागा रिकामी होती. आजही आहे. माझ्याबरोबरचे बरेचजण अजून तासांवर आहेत, काहींची चाळिशी ओलांडली. तुमच्या मुलांना महाविद्यालयात जे शिकवतात त्यांच्यात असं कुणी नक्की असेल. तेव्हा एक विनंती. मे महिन्यात असं कुणी भेटलं, तर "तुमची काय मजा बुवा, दोन महिने सुट्टी!" असं त्यांना म्हणू नका.