थीम पार्कातील वेषविचार

कोणत्या प्रसंगी काय नेसावे, ह्याविषयीचे आमच्या समाजाचे नियम कोठे लिहिलेले नसले तरी सर्वांस ठाऊक असतात. लग्नास जाताना काय, परीक्षेस बसताना काय, कोणाच्या घरी भेटीस जावयाचे तर काय, हे मुलांना मुद्दाम समोर बसवून शिकवावे लागत नाही. परंतु काही स्थळे अशी आहेत की, तेथे आमचे आजे-पणजे कधी गेलेच नाहीत, आणि म्हणून त्यांच्याविषयीचे वडिलोपार्जित शहाणपणही आमच्या वाट्यास आलेले नाही. ज्यास इंग्रजीत थीम पार्क म्हणतात, आणि मराठीतही ज्यास आता दुसरे नाव चिकटण्याची आशा उरलेली नाही, ते असेच एक स्थळ होय. मुंबईजवळ गोराईस एस्सेल वर्ल्ड १९८९ साली निघाले, त्याच्या शेजारचे वॉटर किंगडम १९९८ साली, आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली. म्हणजे हा सारा इतिहास जेमतेम एका पिढीचा. एवढ्या अवधीत फार तर सवयी पडतात, रूढी बनत नाही.

रूढी नसली म्हणजे मनुष्य शेजारची रूढी उसनी घेतो. आमच्या मंडळींनी ती जत्रेची घेतली. जत्रेस नवे कपडे घालून जावयाचे असतात. तेव्हा मे महिन्याच्या सुटीत अशा उद्यानाच्या दाराशी घटकाभर उभे राहावे, तर जरीकाठी साड्या, उंच टाचांच्या चपला आणि इस्त्रीचे सदरे ह्यांची रांग दृष्टीस पडते. ह्यात उपहास करण्याजोगे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर जॉर्ज टिल्यू ह्या गृहस्थाने १८९७ साली स्टीपलचेस पार्क उघडले, तेव्हा तिकडची मंडळीही अशीच नटूनथटून, हॅट आणि पायघोळ झगे घालून येत असत. टिल्यू मोठा चतुर. त्याने जमिनीतून हवेचे झोत सोडून त्या झग्यांची आणि हॅटांची त्रेधा उडविण्याची सोय केली, आणि ती पाहून इतरांनी हसावे हाच एक खेळ करून टाकला. पुढे १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, त्या दिवशी उन्हाने ताजे डांबर मऊ पडून स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा रस्त्यात रुतू लागल्या. नव्या स्थळी जुना पोशाख गेला की पहिली काही वर्षे अशीच जावयाची.

आता वेषाच्या औचित्याविषयी आम्ही एरवी जो प्रश्न विचारतो तो असा: हे शोभेल का? थीम पार्कातील यंत्र मात्र दुसराच प्रश्न विचारते: हे अडकेल का? यंत्रास लाज नाही, तसा पक्षपातही नाही. सुप्रसिद्ध नर्तकी इसाडोरा डंकन हिचा १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस येथे मोटारीत बसली असता अंत झाला, तो गळ्यातील लांब रेशमी वस्त्र चाकात गुरफटल्यामुळे. गो-कार्ट नावाची जी बसकी गाडी अशा उद्यानांतून असते, तिच्यात बसणारा जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो आणि फिरता आस व इंजिन त्याच्या पाठीशी उघडेच असते. ओढणीचे टोक, मोकळा पदर किंवा मोकळे केस तेथे गेले, तर ओढले जाण्यास निमिषही लागत नाही. आमच्या देशाच्या कायद्यास ह्या गोष्टीची जाण आहे, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांत दुचाकीच्या मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी सक्तीची केली आहे, आणि तिचा हेतू मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात जाऊ नये हाच आहे. लोक तिला सरळ साडीगार्ड म्हणतात. साडीस अनुरूप असे यंत्र बनविण्याचा हा उपक्रम आम्हांस मोठा सुसंस्कृत वाटतो. थीम पार्कातील यंत्रे परदेशी बनावटीची. त्यांना साडी ठाऊक नाही.

रोलर कोस्टरचेच पाहा. उलटीसुलटी फिरणाऱ्या गाडीत खांद्यांवरून एक जोखड खाली येते, आणि पुष्कळ ठिकाणी ते बैठकीच्या पुढल्या टोकाशी पट्ट्याने बांधले जाते. हा पट्टा दोन मांड्यांच्या मधून यावा लागतो. गोल नेसलेल्या पाचवारी साडीत हे साधणे किती अवघड, हे भगिनींना सांगावयास नको. गंमत अशी की, ज्या नऊवारीस आम्ही जुनी म्हणून मोडीत काढले, तिला ही अडचण नसती! कासोटा घालून, पदर कमरेला खोचून आमच्या पणज्या घोड्यावर बसल्या, भातखाचरांत वाकल्या, डोंगर चढल्या. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात शिकलेल्या घरांनी सुधारणा म्हणून गोल पातळ स्वीकारले. त्यात सुबकता आली खरी, पण दोन पायांचे स्वातंत्र्य गेले. नायट्रो नावाची इमॅजिकातील गाडी सुटली की पायांखाली फळी म्हणून उरत नाही, आणि अशा गाड्यांवर बसण्यापूर्वी सैल चपला काढून ठेवाव्या लागतात. देवळाच्या पायरीशी चपला काढण्याची सवय असलेल्या माणसास तेवढे तरी नवे वाटू नये. पुरुषांच्या खिशातील दूरध्वनी, किल्ल्या आणि सुटी नाणी मात्र गाडी उलटी होताच निराळ्या मार्गाने जातात.

पाण्याच्या खेळांचा न्याय आणखी कडक. तेथे सुती वस्त्र चालत नाही, नायलॉनचे किंवा तत्सम धाग्याचे लागते. आणि हे केवळ कपडे भाड्याने देणाऱ्याच्या फायद्यासाठी आहे असा जो समज आहे, तो बरोबर नाही. सूत पाणी पिऊन जड होते, अंगास गुंडाळते, घसरगुंडीवर मध्येच माणसास अडवून धरते, आणि मागून येणारा त्याच्यावर आदळतो. त्याचे तंतू सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रात जातात. जीनच्या पाटलोणीवरील तांब्या-पितळेची बटणे घसरगुंडीच्या गुळगुळीत पृष्ठावर ओरखडे पाडतात. इकडे मे महिन्यातील उन्हात तासभर रांगेत उभे राहावयाचे तर नायलॉनहून वाईट वस्त्र नाही. तेथे सैल, फिकट रंगाचे सूतच हवे. म्हणजे एकाच दिवसात दोन वेष लागतात, ही गोष्ट घरून निघण्यापूर्वी कोणीतरी सांगितली पाहिजे.

आणि येथेच आमचे मुख्य गाऱ्हाणे आहे. गेल्या वर्षी आमचे सर्व कुटुंब अशा एका उद्यानात गेले होते. आदल्या दिवशी आमच्या थोरल्या भगिनीने, अक्काने, दूरध्वनीवरून विचारले, "काय नेसून येऊ गं?" आमच्या कन्येने उत्तर दिले, "आत्या, काहीही चालेल गं!" हे उत्तर प्रेमाचे होते ह्यात शंका नाही. पण काहीही चालत नाही. तेथील खिडकीवर जो भाड्याचा पोशाख मिळत होता, तो अर्ध्या बाह्यांचा आणि गुडघ्याच्या वर संपणारा. अक्काने तो हातात घेतला, उलगडून पाहिला, पुन्हा नीट घडी घातली आणि परत केला. नंतरचे पाच तास ती एका बाकावर आठ पिशव्या आणि अकरा जोडी चपला राखीत बसली. ही अक्का लहानपणी वाईस कृष्णेच्या घाटावर, पाठीस सुका भोपळा बांधून पोहणे शिकलेली. परकर-पोलक्यात ती भर पुरात नव्हे, पण भाद्रपदातील भरल्या नदीत पैलतीर गाठीत असे. आमच्यापैकी त्या दिवशी पाण्यात उतरलेल्या नऊ जणांत पोहता येणारे दोन होते.

त्या बाकावर ती एकटी नव्हती. तसल्या बाकांची एक ओळच होती, आणि प्रत्येक बाकावर कोणाची तरी आत्या, आजी किंवा सासू पिशव्या घेऊन बसलेली. ह्या बायकांना हौस नाही असे समजून आम्ही पाण्यात उतरतो. त्यांना हौस असते; त्यांना मनास येईल असे वस्त्र नसते. वस्त्र मात्र जगात आहे. मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख ऑस्ट्रेलियात अहेदा झनेटी ह्या स्त्रीने मुसलमान स्त्रियांसाठी २००४ साली बनविला. तो घालून समुद्रावर येण्यास २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील काही गावांनी बंदी केली, आणि त्याच ऑगस्टमध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका गावाची अशी बंदी स्थगित केली. एकीकडे अंग दिसते म्हणून स्त्री बाकावर, दुसरीकडे झाकले म्हणून बाहेर! यंत्राचा नियम ह्या दोहोंहून बरा. धागा योग्य आणि वस्त्र अंगासरशी असले की बाह्या किती लांब आहेत हे तो पाहत नाही. लांब बाह्यांचे आणि पूर्ण पायांचे असे पोशाख आता आमच्याकडील खेळसाहित्याच्या दुकानांतूनही मिळतात. अडचण एवढीच की, ते दाराशी ऐन वेळी घ्यावयाचे नसतात. घरी, आठ दिवस आधी, अंगावर घालून, आरशात पाहून, नको असल्यास बदलून आणावयाचे असतात. ज्या घरांत लहान मुलाचा वाढदिवसाचा सदरा तीन दुकाने फिरून घेतला जातो, त्या घरांस हे कठीण नाही.

अक्काने दिवाळीनंतर गडद निळ्या रंगाचा असा एक पोशाख आणविला. बाह्या दंडात घट्ट होतात म्हणून तो एकदा बदलून झाला, आणि वर एक गुडघ्यापर्यंतचा घेर हवा म्हणून त्याच कापडाचा तुकडा शिंप्याकडे गेला आहे. मध्यंतरी तिने पालिकेच्या तलावावर बायकांची वेळ कोणती ह्याची चौकशीही करून ठेवली. येत्या मे महिन्यात पुन्हा जावयाचे ठरत आहे. पिशव्या कोणी सांभाळावयाच्या, ह्यावर घरात अद्याप एकमत नाही. तेथे भाड्याने कुलपी कप्पे मिळतात असे आमची कन्या म्हणते.