ब्रशचं अक्षर, फॉन्टचं अक्षर

बेळगावात नवा सिनेमा लागला की ग्लोब, प्रकाश या टॉकीजांवरचे बोर्ड रात्रीत बदलायचे. आधी दोरीने मारलेल्या खडूच्या रेघा, मग चपट्या ब्रशने भरलेलं अक्षर, शेवटी कडेला सावली. एका आठवड्यात मराठी नाव, पुढच्या आठवड्यात कन्नड आणि हात मात्र त्याच पेंटरचा. म्हणूनच इथल्या मराठी अक्षरांत कन्नडचा गोलावा उतरायचा, असं मला आजही वाटतं.

या हाताला परंपराही होती. पलीकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1920मध्ये ‘सैरंध्री’ काढला. नाटकांचे पडदे रंगवलेला हा माणूस आपल्या सिनेमांची पोस्टर्सही स्वतः रंगवायचा. तिथेच 1929मध्ये ‘प्रभात’ उभी राहिली आणि तुतारी फुंकणारी स्त्री दिसली की एकही अक्षर न वाचता कंपनी कळू लागली. ब्रँडिंग हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. बेळगावात के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार घडले. रेषेचा आदर या गावाला वेगळा शिकवावा लागला नाही.

श्रेयनामावली मात्र तेव्हा आखूड असायची. काळ्या कागदावर पांढऱ्या पोस्टर कलरने नावं लिहायची, एकेक कार्ड कॅमेऱ्याखाली ठेवून चित्रित करायचं. प्रत्येक कार्डामागे फिल्म खर्ची पडायची. नट, संगीतकार, दिग्दर्शक यांची नावं झळकायची. दिवे उचलणारा, चहा पोचवणारा कुठेच नसायचा. शेवटी फक्त ‘समाप्त’.

सध्या निपाणीच्या तंबाखू वखारीत चित्रित झालेल्या एका मित्राच्या छोट्या सिनेमाची टायटल्स मी करतोय. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा फॉन्ट फुकट मिळतो. त्यांच्याच ‘बालू’ला ‘बालू तम्मा’ नावाचं कन्नड भावंड आहे, त्यामुळे दोन्ही लिपी शेजारीशेजारी एका वजनाच्या दिसतात. सीमाभागातल्या सिनेमाला याहून मोठी सोय कोणती! वर सरकणाऱ्या नावांच्या रोलचा वेग फ्रेमला बरोबर 3 पिक्सेल ठेवलाय. अपूर्णांकात गेलं की अक्षरं थरथरतात. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 1080 पिक्सेल उंचीच्या पडद्यावरून एक नाव वर जायला 15 सेकंद लागतात. शांतपणे वाचता येतं.

सिनेमाचं शीर्षक तेवढं फॉन्टमध्ये केलं नाही. आता नंबरप्लेटा रंगवणाऱ्या एका जुन्या पेंटरकडून ते कार्डशीटवर लिहून घेतलं आणि स्कॅन केलं. वेलांटीच्या टोकाला ब्रशचे केस फाकलेत. ते साफ कर, असं मित्र म्हणाला; मी ठेवलेत.

रोलमध्ये वखारीचे मालक आहेत, विडी वळणाऱ्या बायका आहेत, टेम्पोवाला आहे. यातल्या कुणाचंही नाव त्या काळ्या कार्डांवर आलं नसतं, आणि एवढ्यापुरता मला आजचा काळ जास्त आवडतो. फोन करून प्रत्येकाला आपलं नाव कसं लिहायचं ते विचारतोय. नावाच्या शेवटी ‘व्वा’ की ‘व्व’ यावरून दोन बहिणींत अजून एकमत व्हायचंय, तेवढी ओळ मोकळी सोडलीय.